गोड न लागणारी साखर

चिंच खाऊन झाली की चिंचोका उरतो. तपकिरी, चकचकीत, दाताला दाद न देणारा. महाराष्ट्रात तो सहसा फेकून दिला जात नसे. दगडावर घासून अर्धा केला की एक बाजू पांढरी, दुसरी काळपट आणि चल्लस-आठचे फासे तयार. निखाऱ्यात भाजून, साल काढून मुलं तो दिवसभर चघळत बसत. आणि भाजून, कांडून, भिजवून, वाटून पाण्यात शिजवला की त्याची खळ होई. घोंगडी विणणारे सनगर लोकरीच्या ताण्याला हीच खळ लावत आले आहेत. खळ लावलेला धागा मागावर घासला गेला तरी त्याचे तंतू सुटत नाहीत, तो तुटत नाही. सावंतवाडीच्या गंजिफा पत्त्यांसाठी कापड तयार करताना चिंचोक्याची खळ लागते. ओडिशातले पट्टचित्रकारही कापडावर खडूची भुकटी आणि चिंचोक्याचा चीक यांचा लेप देऊन, तो घोटून गुळगुळीत करतात आणि मगच चित्राला हात घालतात.

या सगळ्या कामांमागे एकच पदार्थ आहे आणि तो आहे साखर. चिंचोक्याचं साल काढलं तर आतल्या पांढऱ्या मगजाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेच्या रेणूंनी बनलेला असतो. तरीही मगज गोड लागत नाही. गोडी ओळखणाऱ्या जिभेवरच्या पेशींना साखरेचे छोटे, सुटे रेणू लागतात. चिंचोक्यात ते सुटे नाहीत. हजारो रेणू एकमेकांना जोडून लांबच लांब साखळ्या झाल्या आहेत. अशा साखळ्यांना रसायनशास्त्रात बहुशर्करा म्हणतात. तांदळातला स्टार्च ही बहुशर्करा, कापसातलं सेल्युलोज ही बहुशर्करा आणि चिंचोक्यातली खळ हीसुद्धा बहुशर्कराच.

या प्रकरणात मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. बियांमधल्या या साखळ्यांचं वागणं साखर कोणती आहे यापेक्षा ती कशी जोडली आहे यावर अधिक ठरतं. मोजक्या चार-पाच साखरा घेऊन वनस्पतींनी अन्न बनवलं, दोर बनवले, डिंक बनवले, पाणी धरून ठेवणाऱ्या गाद्या बनवल्या. फरक आहे तो सांध्यांचा आणि फांद्यांचा.

ग्लुकोजपासून सुरुवात करू. त्याच्या रेणूत सहा कार्बन असतात. पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन मिळून एक कडं बनतं आणि सहावा कार्बन कड्याबाहेर शेंडीसारखा उभा असतो. कार्बनांना एक ते सहा असे क्रमांक दिलेले आहेत. दोन ग्लुकोज जोडायचे तर साधारणपणे एकाचा पहिला कार्बन दुसऱ्याच्या चौथ्या कार्बनाशी, मध्ये एक ऑक्सिजन घेऊन, जोडला जातो. जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. आता पहिल्या कार्बनावरचा हा सांधा कड्याच्या पातळीच्या एका अंगाला झुकू शकतो किंवा दुसऱ्या अंगाला. एका प्रकाराला अल्फा म्हणतात, दुसऱ्याला बीटा. बाकी काहीही बदलत नाही.

अल्फा सांध्यांनी ग्लुकोज जोडत गेलं की साखळी दर पावलाला थोडी वळते आणि मळसूत्रासारखी गुंडाळत जाते. हा झाला स्टार्च. त्यात पाणी शिरतं, तो गरम पाण्यात फुगतो आणि आपल्या लाळेतलं अमायलेज हे विकर त्याचे सांधे सहज तोडतं. म्हणून भाताचा घास बराच वेळ चावला की गोड लागू लागतो. बीटा सांध्यांनी तेच ग्लुकोज जोडलं तर प्रत्येक पुढचं कडं मागच्याच्या मानाने उलटं बसतं, वळण वळणाला काटतं आणि साखळी सरळसोट होते. अशा सरळ साखळ्या शेजारी शेजारी लागतात, त्यांच्यात हायड्रोजन बंधांची दाट वीण तयार होते आणि मग त्यांच्यामध्ये पाण्याला शिरायला वाव उरत नाही. हे सेल्युलोज. कापसाचा बोळा पाण्यात कितीही उकळा, विरघळत नाही. माणसाला तो पचतही नाही, कारण सेल्युलोजमधला हा बीटा सांधा तोडणारं विकर आपल्या शरीरात बनत नाही.

म्हणजे वनस्पतीकडे ग्लुकोजच्या दोन टोकाच्या साखळ्या आहेत. एक खाण्याची, दुसरी बांधकामाची. चिंचोक्याने तिसरी वाट काढली आहे आणि ती मला या दोन्हींपेक्षा अधिक सुंदर वाटते.

चिंचोक्यातल्या बहुशर्करेचा कणा हुबेहूब सेल्युलोजचा आहे: बीटा सांधे, सरळ साखळी. पण दर चार ग्लुकोजांपैकी तिघांच्या शेंडीवर, म्हणजे सहाव्या कार्बनावर, झायलोज नावाची पाच कार्बनांची छोटी साखर लटकवलेली असते. चौथं ग्लुकोज मोकळं. पुन्हा तीन भरलेली, एक मोकळं. लटकलेल्या झायलोजांपैकी काहींच्या टोकाला आणखी एक साखर असते, गॅलॅक्टोज. मधूनमधून एखादा दात गळलेला कंगवा डोळ्यांसमोर आणला की या रेणूचं चित्र बरंचसं जमतं. कणा ग्लुकोजचा आणि दातांत झायलोज, म्हणून त्याचं नाव झायलोग्लुकन.

या दातांचा परिणाम फार मोठा आहे. सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटत होत्या, त्या जवळ येऊ शकल्या म्हणून. इथे दात मध्ये येतात. साखळ्या अंगाला अंग लावून बसू शकत नाहीत, फटी राहतात आणि फटींत पाणी शिरतं. त्यामुळे कापूस जे करत नाही ते चिंचोका करतो: पाण्यात शिजवला की लाखो रेणुभाराच्या लांब साखळ्या पाण्यात पसरतात, एकमेकींत अडकतात आणि पाणी दाट होतं. खळ तयार.

आता ती खळ धाग्याला का चिकटते, हे पाहा. सुती धागा म्हणजे जवळजवळ निखळ सेल्युलोज. झायलोग्लुकनचा कणाही सेल्युलोजचाच. दातांमुळे त्याच्या साखळ्या एकमेकींना धरत नसल्या तरी सेल्युलोजच्या पृष्ठभागावर तो कणा लांबच्या लांब बिलगून बसतो. हे नातं विणकराने निर्माण केलेलं नाही. झाडाच्या कोवळ्या पानांत, खोडांत, मुळांत पेशींच्या भिंती याच जोडीने उभ्या असतात: सेल्युलोजचे धागे आणि त्यांना बिलगलेलं झायलोग्लुकन. मागावर खळ लावताना माणूस वनस्पतीच्या भिंतीतलाच एक बंध पुन्हा घडवत असतो. लोकरीची गोष्ट वेगळी, ती प्रथिनाची असते. तिथे खळ सुकल्यावर धाग्याभोवती जो चिवट, लवचीक पापुद्रा धरतो, तोच उपयोगी पडतो.

कापड गिरण्यांत धाग्याला खळ देण्याच्या कामाला सायझिंग म्हणतात. कापड विणून झालं की ही खळ काढावी लागते, नाहीतर रंग नीट बसत नाही. मक्याच्या किंवा तांदळाच्या स्टार्चची खळ असेल तर अमायलेजच्या द्रावणात कापड बुडवलं की काम होतं. चिंचोक्याच्या खळीवर अमायलेज काहीही करू शकत नाही. त्याला अल्फा सांधा हवा, इथे कण्यात बीटा आहे. मग गरम पाण्याच्या धुलाईवर भिस्त ठेवावी लागते किंवा सेल्युलोज तोडणारं विकर वापरावं लागतं. आपल्या पोटातही हेच घडतं. चिंचोक्याची बहुशर्करा लहान आतड्यातून न पचता पुढे जाते. आहारशास्त्राच्या भाषेत ती तंतुमय पदार्थात मोडते.

ही रचना उलगडायला शंभरावर वर्षं लागली. 1839 मध्ये फोगेल आणि श्लायडेन या जर्मन संशोधकांनी चिंचोक्याच्या आणि आणखी काही शेंगावर्गीय झाडांच्या बियांचे पातळ काप करून त्यांवर आयोडीन टाकलं. आयोडीनने स्टार्च निळा होतो हे तेव्हा ठाऊक होतं. हरभऱ्याच्या डाळीचा काप असा पाहिला तर पेशींच्या आत साठलेले स्टार्चचे दाणे गडद निळे दिसतात. भिंती मात्र निळ्या होत नाहीत. चिंचोक्यात उलटं झालं. पेशींच्या आत निळं काही नव्हतंच, निळ्या झाल्या त्या भिंती. तेही कुठल्या भिंती? जाडजूड, पेशीची आतली जागा खाऊन टाकणाऱ्या. स्टार्चसारखं वागणारं पण स्टार्च नसलेलं असं काहीतरी भिंतीत आहे, हे ओळखून त्यांनी त्याला अमायलॉइड म्हटलं. 1854 मध्ये रुडॉल्फ फिर्शो या वैद्याने माणसाच्या मेंदूतल्या काही कणांना आयोडीनचा रंग चढताना पाहून हेच नाव उचललं. पुढे वैद्यकात ज्यांना अमायलॉइड म्हणू लागले ते साठे प्रथिनांचे निघाले. चिंचोक्याशी त्यांचा रासायनिक संबंध काहीच नाही.

आयोडीनने गटाची ओळख पटली तरी फांद्या कुठे आहेत हे कळत नाही. ते शोधायला साखळी ठरावीक जागी तोडावी लागते. नेदरलँड्समधल्या पीटर कोइमन यांनी 1961 मध्ये चिंचोक्यातल्या बहुशर्करेच्या रचनेवर महत्त्वाचं काम प्रसिद्ध केलं. यातलं मुख्य हत्यार होतं बुरशीपासून मिळणारं सेल्युलोज तोडणारं विकर. हे विकर कण्यावर चाल करून जातं, पण दात असलेल्या ग्लुकोजपाशी त्याला जागा मिळत नाही. मोकळं ग्लुकोज सापडलं की तिथे ते घाव घालतं. आणि मोकळं ग्लुकोज दर चौथं. त्यामुळे भलीमोठी साखळी नीट मोजून मापून तुकड्यांत पडते: काही तुकडे सात साखरांचे, काही आठांचे, काही नऊंचे. चार ग्लुकोज आणि तीन झायलोज प्रत्येकात आहेतच. गॅलॅक्टोज नसेल तर सात, एक असेल तर आठ, दोन असतील तर नऊ. तुकडे वेगळे करून मोजले की कंगव्याचा आराखडा हातात येतो. एखादं यंत्र खोलून पाहावं तसं, पण ज्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर बसतो तेवढेच खोलून, हे काम झालेलं आहे.

भारतात चिंचोक्याकडे उद्योगाचं लक्ष गेलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. स्टार्चची टंचाई होती, कापड आणि तागाच्या गिरण्यांना खळ हवी होती आणि चिंचेची झाडं देशभर होती. चिंचोक्याचं पीठ गिरण्यांत जाऊ लागलं. त्याच दशकात डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत घोष, कृष्णा आणि राव यांनी पिठातून प्रथिनं आणि तेल बाजूला काढून बहुशर्करा शुद्ध केली आणि तिला जेलोज हे नाव दिलं. त्यांना त्यात जॅम-जेलीसाठी लागणाऱ्या पेक्टिनचा पर्याय दिसत होता. भरपूर साखर असलेल्या द्रावणात जेलोज उत्तम जमतं. पेक्टिनला साखरेबरोबर आंबटपणाही हवाच असतो, म्हणून पेरूच्या जेलीत लिंबू पिळावं लागतं. जेलोजला आंबटपणाची अट नाही. साखर पाणी स्वतःकडे ओढून घेते, बहुशर्करेच्या साखळ्यांना पाणी कमी पडतं आणि त्या एकमेकींना धरायला लागतात. एवढं झालं की जेली बसते.

आज या पदार्थाचा खाण्यात सर्वाधिक कसबी वापर जपानमध्ये होतो. तिथे तो सॉस, ड्रेसिंग, आइस्क्रीम अशा अनेक पदार्थांना दाटपणा द्यायला घालतात. कच्चा माल आपल्याकडचा, कारागिरी तिकडची, याची मला खंत वाटते.

जपानी संशोधकांनीच 1990 च्या दशकात या रेणूची आणखी एक गंमत बारकाईने तपासली. झायलोजच्या टोकाला जे गॅलॅक्टोज लटकतं, ते पाण्याशी सलगी करणारं आहे. विकर वापरून त्यातलं साधारण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गॅलॅक्टोज काढून टाकलं, कणा आणि झायलोज तसेच ठेवले. द्रावण गार असताना पातळ राहिलं. गरम करत नेलं तर ते घट्ट झालं, जेली बनली. पुन्हा गार केलं तर पुन्हा पातळ. जिलेटीन आणि अगर-अगर, म्हणजे आपली चायना ग्रासची जेली, यांच्या सवयीच्या नेमकं उलट. कारण असं की गॅलॅक्टोज गेल्यावर साखळ्यांवरचे पाण्याशी जमवून न घेणारे भाग उघडे पडतात. तापमान वाढलं की पाण्याची पकड आणखी ढिली होते आणि हे उघडे भाग एकमेकांना चिकटतात. शरीराच्या उबेत घट्ट होणारं औषध बनवता येईल का, या दृष्टीने या जेलीवर पुष्कळ काम झालं आहे.

चिंचोक्याची शुद्ध बहुशर्करा डोळ्यांत घालायच्या थेंबांतही वापरतात. कोरडे पडणारे डोळे ओले ठेवण्यासाठी अश्रूंना चिकटपणा लागतो. तो देणारे म्युसिन नावाचे रेणू स्वतःही कंगव्याच्या घडणीचे असतात, मध्ये प्रथिनाचा कणा आणि बाजूंना साखरांचे दात. चिंचोक्याचा रेणू त्यांच्याशी मिळताजुळता, म्हणून बुबुळाच्या पृष्ठभागावर तो टिकून राहतो. इटलीत यावर मुख्यतः काम झालं.

पण चिंचेच्या झाडाला मागाची, जेलीची किंवा डोळ्यांची काय पडली आहे? त्याने हे सगळं साठवलं ते रोपासाठी. बी रुजलं की पान फुटून ऊन खाईपर्यंत रोपाला शिदोरी हवी. बहुतेक कडधान्यं ती स्टार्चच्या दाण्यांत बांधतात. चिंचोका ती भिंतीतच थापतो. नॅस्टर्शियम या बागेतल्या फुलझाडाच्या बियाही असंच करतात आणि स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात ग्रँट रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात त्यांचा सखोल अभ्यास केला. बी रुजायला लागलं की बीजदलांत चार प्रकारची विकरं कामाला लागतात. एक गॅलॅक्टोज काढतं, एक झायलोज काढतं, एक कण्याचे तुकडे करतं आणि एक त्या तुकड्यांतून सुटं ग्लुकोज मोकळं करतं. जाड भिंती दिवसागणिक पातळ होत जातात आणि शेवटी सेल्युलोजचा नेहमीचा सांगाडा तेवढा उरतो. घर न पाडता भिंतीतला साठा संपतो.

भिंतीत साठा करण्याची हीच युक्ती शेंगावर्गातल्या दुसऱ्या एका मोठ्या गोतावळ्याने वेगळ्या साखरेतून साधली आहे. त्यातली दोन नावं प्रत्येक मराठी घरातली: गवार आणि मेथी.

गवार जून झाली की भाजीला नको वाटते, पण तिची खरी बाजारपेठ तिथूनच सुरू होते. वाळलेल्या गवारीच्या बीत बीजदलांभोवती भ्रूणपोषाचा एक अर्धपारदर्शक, टणक थर असतो. बीच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा हा थर व्यापतो आणि तो जवळजवळ सगळा गॅलॅक्टोमॅननचा असतो. इथे कणा ग्लुकोजचा नाही, मॅनोजचा आहे. मॅनोज आणि ग्लुकोज यांच्यात अणूंची संख्या तंतोतंत सारखी. दुसऱ्या कार्बनावरचा एक हायड्रॉक्सिल गट एकात एका दिशेला आहे, दुसऱ्यात विरुद्ध दिशेला. गॅलॅक्टोजमध्ये तोच बदल चौथ्या कार्बनावर. या दिशांचा गुंता 1891 मध्ये एमिल फिशर यांनी सोडवला. त्या कामासाठी 1902 चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं, आणि ते काम समजून घेताना आजही मन थक्क होतं, कारण रेणू पाहण्याचं कोणतंही साधन त्यांच्याजवळ नव्हतं.

मॅनोजच्या या सरळ कण्यावर गॅलॅक्टोज थेट लटकतं. किती लटकतं, यावर बीचा स्वभाव ठरतो. मेथीत जवळपास प्रत्येक मॅनोजवर एक गॅलॅक्टोज असतं. गवारीत दर दोन मॅनोजमागे एक. भूमध्य सागराकाठच्या कॅरोब झाडाच्या बियांत दर चारामागे एक, आणि तेही सारखं पसरलेलं नसतं, मध्ये मध्ये कण्याचे उघडे पट्टे सुटलेले असतात. मेथी आणि गवार यांचे डिंक म्हणून थंड पाण्यातही फुगून विरघळतात. कॅरोबचा डिंक पाणी तापवल्याशिवाय पुरता विरघळत नाही, पण त्याच्या उघड्या पट्ट्यांमुळे तो दुसऱ्या डिंकांशी गाठी बांधून छान जेली देतो. गवारीच्या डिंकाला ते जमत नाही. गॅलॅक्टोज जितकं विरळ, तितका पाण्याशी दुरावा आणि आपसात जवळीक. चिंचोक्यात पाहिलेला नियम इथे कणा बदलला तरी लागू पडतो.

दुसऱ्या महायुद्धात भूमध्य सागराकडून अमेरिकेत येणारा कॅरोबचा डिंक आटला आणि तिथल्या कागद गिरण्यांनी गवारीकडे पाहिलं. तिथून गवार गमचा उद्योग उभा राहिला. आज जगातली बहुतांश गवार भारतात पिकते, मुख्यतः राजस्थान, हरियाणा आणि गुजरातच्या कोरडवाहू शेतांत. अमेरिकेत खोल खडकातून तेल आणि वायू काढायच्या विहिरी वाढल्या तेव्हा या पिकाचं नशीब अचानक फळफळलं. त्या विहिरींत प्रचंड दाबाने पाणी घालून खडकाला चिरा पाडतात आणि चिरा मिटू नयेत म्हणून पाण्याबरोबर वाळू आत पाठवतात. नुसत्या पाण्यात वाळू तळाशी बसते. गवारीच्या डिंकाचं पाणी तिला उचलून नेतं. त्यात थोडं बोरेट घातलं की साखरांवरच्या शेजारी-शेजारी एकाच अंगाला असलेल्या हायड्रॉक्सिल गटांना बोरॉन पकडतो, दोन साखळ्यांमध्ये पूल बांधतो आणि द्रावणाचा लगदा होतो. फिशर यांनी ज्या दिशा शोधल्या, त्या इथे प्रत्यक्ष कामी येतात. ग्लुकोजमध्ये असे एका अंगाचे शेजारी नाहीत, मॅनोजमध्ये आहेत, गॅलॅक्टोजमध्येही आहेत. 2012 मध्ये गवारीचे भाव इतके भडकले की तिचे वायदे व्यवहार सरकारला थांबवावे लागले.

मेथीकडे वळू. रात्री मेथी भिजत घातली की सकाळी दाणे फुगून बुळबुळीत होतात. दाणा चिमटीत दाबला की आतली पिवळी बीजदलं बाहेर घसरतात आणि बोटांना पारदर्शक थर लागून राहतो. तो थर म्हणजे गॅलॅक्टोमॅनन. हे अन्न आहे, पण याच रीड यांनी बेवली यांच्याबरोबर 1979 मध्ये दाखवलं की त्याचं दुसरंही काम आहे आणि तेच आधी होतं. बी भिजलं की हा थर पाणी शोषून गर्भाभोवती ओली गादी तयार करतो. मध्येच पाऊस गेला, माती सुकली, तर पाणी आधी गादीतून जातं. गर्भ ओला राहतो. गादी काढून टाकलेली बी याच परिस्थितीत लवकर वाळते. पुढे अंकुर वाढू लागला की गादीच मोडून खायची. पाण्याची टाकी आणि धान्याचं कोठार एकाच वस्तूचं. आपल्या आतड्यात हीच गादी जेवणातल्या ग्लुकोजची वाट अडवते, त्यामुळे जेवणानंतर रक्तातली साखर सावकाश चढते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत 1980 च्या दशकापासून मेथीवर जे प्रयोग झाले त्यांना हा रासायनिक आधार आहे.

गॅलॅक्टोज लटकवण्याचा मेथी-गवारीतला सांधा अल्फा आहे, पहिल्या कार्बनाकडून सहाव्याकडे. नेमका हाच सांधा वाल, चवळी, राजमा, हरभरा यांच्यातही आहे, पण फार लहान रेणूंत. साध्या खायच्या साखरेला, म्हणजे सुक्रोजला, या सांध्याने एक गॅलॅक्टोज जोडलं की रॅफिनोज, दोन जोडले की स्टॅकियोज, तीन जोडले की व्हर्बॅस्कोज. बी पिकून वाळताना पेशींना इजा होऊ नये यासाठी या साखरांची मदत होते, असं मानलं जातं. आपल्या पचनसंस्थेत हा सांधा तोडणारं विकर नाही. मग त्या मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड असे वायू तयार होतात. वाल वातूळ म्हणतात तो एवढ्यासाठी.

आपल्या स्वयंपाकघरांनी यावर काढलेला तोडगा रसायनशास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरतो. कडधान्य भिजवलं की या लहान साखरांचा काही भाग पाण्यात उतरतो, ते पाणी ओतून दिलं की गेला. फडक्यात बांधून मोड आणले की काम पुरं होतं. बी जागं झालं की सगळ्यात आधी याच साखरा खर्च करतं. स्टार्चच्या कोठाराला हात लावायला त्याला सवड असते. अल्फा गॅलॅक्टोसायडेज नावाचं विकर रुजणाऱ्या बीत कामाला लागतं आणि एकेक गॅलॅक्टोज सोडवत सुटतं. मटकीला दोन दिवसांत चांगले मोड आले की रॅफिनोज आणि त्याचे भाऊबंद बहुतेक संपलेले असतात, स्टार्च मात्र बराचसा शिल्लक असतो. कोकणात वाल मोड आणून, सोलून बिरडं करतात ते चवीसाठी खरंच, पण पोटासाठीही तितकंच शहाणपणाचं आहे. कडधान्य खाताना घ्यायच्या ज्या गोळ्या औषधाच्या दुकानात मिळतात, त्यांत बुरशीपासून काढलेलं हेच विकर असतं.

रुजणाऱ्या गवारीत हेच विकर भ्रूणपोषातल्या गॅलॅक्टोमॅननवरची गॅलॅक्टोज उतरवतं. 1989 च्या सुमारास युनिलिव्हरच्या संशोधकांनी गवारीच्या बीतून त्याचा जनुक वेगळा केला. हे विकर मुबलक मिळालं तर साध्या गवार गमवरची थोडी थोडी गॅलॅक्टोज काढून त्याला महागड्या कॅरोबच्या डिंकाचे गुण देता येतील, असा त्यांचा हिशेब होता. प्रयोगात तो खरा ठरला. दर दोन मॅनोजमागे एक असलेलं गॅलॅक्टोज दर चारामागे एकावर आणलं की गवारीचा डिंक जेली देऊ लागतो.